‘अजून दोनच किलोमीटर’

मे महिन्यातली दुपार, कसारा घाट, गाडीत पाच माणसं आणि डिकीत हापूसच्या दोन पेट्या. एसी पूर्ण सोडलेला. निम्मा घाट चढल्यावर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला आणि वर सरकू लागला. मी तो पाहिला. शेजारी बसलेल्या मेहुण्यानेही पाहिला. “थांबायचं का?” त्याने विचारलं. “इगतपुरी आलीच की. अजून दोनच किलोमीटर,” मी म्हणालो. इगतपुरी आली, पण बॉनेटमधून वाफ सोडत आली. हेड गॅस्केट गेली होती आणि हेडही वाकलं होतं. हे सगळं घडलं होतं रबरी नळीला पडलेल्या एका चिरेमुळे. नळी काहीशे रुपयांची होती. बिल पाच आकडी आलं. आंबे तेवढे छान पिकले.

त्या बिलाने मला शिकवलं ते असं, की गाडी चालवणाऱ्याला दुरुस्ती आलीच पाहिजे असं नाही. त्यासाठी फिटर आहेत. आपल्याला निवाडा करता आला पाहिजे. कोणती खूण दिसली की आत्ता, इथेच थांबायचं. कोणती दिसली की जपून गॅरेज गाठायचं. आणि कोणती दिसली तरी पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत खुशाल चालवायचं. बंद पडलेली गाडी तशी फार महाग पडत नाही. बंद पडू पाहणारी गाडी आपण रेटतो, ते महाग पडतं.

निवाड्याची सुरुवात डॅशबोर्डवरच्या दिव्यांपासून. किल्ली फिरवली की स्टार्टर मारण्याआधी सगळे दिवे एकदा लागतात. ती नुसती रोषणाई नसते, दिवे जिवंत असल्याची हजेरी असते. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. लाल दिवा विझला नाही किंवा चालताना लागला, तर तो हुकूम समजावा. पिवळा दिवा म्हणजे सूचना.

लाल दिव्यांत सगळ्यात वाईट तो तेलाच्या झारीचं चित्र असलेला. बऱ्याच जणांना वाटतं, ऑइल थोडं कमी झालं असेल, संध्याकाळी टाकू. पण तो दिवा ऑइलच्या पातळीचा नाही, दाबाचा आहे. दाब गेला म्हणजे धातूवर धातू कोरडा घासतोय. क्रँकच्या बेअरिंगची वाट लागायला मिनिटभरसुद्धा पुरतं. इथे दोन किलोमीटरच काय, दोनशे मीटरही जाऊ नये. कडेला घ्या, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक बघा. ऑइल खालच्या खुणेच्या वर असेल आणि तरीही दिवा लागला असेल, तर गाडी टोचन करूनच न्यावी. पुन्हा सुरू करून ‘बघू तरी’ म्हणण्याचा मोह आवरावा.

पिवळ्यांत इंजिनच्या चित्राचा दिवा सगळ्यांना घाबरवतो. तो स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर चार दिवसांत गॅरेजला दाखवलं तरी चालतं. तो लुकलुकत असेल तर मात्र इंजिन जोरात मिसिंग मारतंय. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो. अशा वेळी पाय हलका ठेवायचा, शक्य तितक्या लवकर थांबायचं.

गरम झालेली गाडी

आता परत कसाऱ्याकडे, कारण मी तिथे केलेल्या चुका बरेच जण करतात.

इंजिनाचं कामाचं तापमान साधारण नव्वद अंशांच्या आसपास असतं. चढावर इंजिन जास्त राबतं, गाडीचा वेग कमी म्हणून रेडिएटरला वारा कमी, त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसून गरम हवा मागे ढकलतो. तिन्ही गोष्टी एकत्र येतात म्हणून गाड्या घाटात तापतात. चांगल्या गाडीला हे सहज पेललं पाहिजे. ते पेलत नसेल तर कूलंट कमी आहे, पंखा चालत नाही, थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे भरलेत. यातलं बहुतेक घाटात कळतं, पण झालेलं असतं आधीच, घरासमोर उभ्या गाडीत.

काटा वर चढायला लागला की पहिल्यांदा एसी बंद. मग, मे महिन्यात ऐकायला विचित्र वाटेल, पण हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगात. हीटर हा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची उष्णता ओढून आपल्या अंगावर सोडतो. खिडक्या उघडा, घाम गाळा. तेवढ्याने काटा खाली आला तर जपून वर जाता येतं. नाही आला, तर पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे थांबायचं.

थांबल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती रेडिएटरचं झाकण उघडण्याची. बंद व्यवस्थेत कूलंट दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. प्रेशर कुकरची शिट्टी उचलून बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरची जाड रबरी नळी कापडातून चाचपा. ती कडक असेपर्यंत आत दाब आहे. नंतरही गार पाणी भसाभसा ओतू नका; तापलेल्या धातूला तडा जातो. थोडं थोडं, थांबत थांबत टाका.

तापमानाचा काटा वर गेलेला असताना अचानक झपकन खाली आला, तर देवाचे आभार मानू नका. अनेकदा त्याचा अर्थ असा, की कूलंट इतकं गेलंय की सेन्सरला आता पाणीच लागत नाही आणि तो नुसती हवा मोजतोय. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो: थंड इंजिनासाठी निळा दिवा, तापलं की लाल. अशा गाडीत लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून तिच्या मालकाने कूलंटच्या टाकीवर जास्तच नजर ठेवावी. बॉनेट उघडल्यावर पांढुरकी प्लास्टिकची टाकी दिसते, तिच्यावर दोन खुणा असतात. सकाळी थंड इंजिनावर पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये हवी. महिन्यातून एकदा बघायला अर्धं मिनिट लागतं. ती सतत उतरत असेल तर दर वेळी भरत बसू नका, गळती शोधून घ्या. अडीअडचणीत साधं पाणी टाकलं तर गुन्हा नाही. पण ते नंतर काढून टाकायचं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, घरच्या गीझरमध्ये बसतो तसाच. आणि हिरवं म्हणजे एक जात, लाल म्हणजे दुसरी, असा कूलंटच्या रंगांचा काही पक्का नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाका.

सकाळी गाडी सुरू होत नाही

घाई त्याच दिवशी असते. पण चिडून स्टार्टर मारत राहण्याआधी कान द्या, कारण गाडी सुरू न होण्याचेही तीन वेगळे आवाज आहेत.

किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक होतं आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात: बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले झालेत. दिवे झगझगीत आहेत, पण एकच ‘टक’ होऊन शांतता: स्टार्टर मोटर किंवा तिचा सोलेनॉइड. आणि इंजिन नेहमीच्या जोमात फिरतंय पण पकडत नाही: बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल पोचत नाही, ठिणगी पडत नाही, किंवा गाडी किल्लीला ओळखत नाही. पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं ऐकू येतो, तो पंपाचा. तो आवाज रोजचा ओळखीचा करून ठेवला, तर ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी फिटरला फोनवरच अर्धं निदान सांगता येतं.

तिन्हींत सर्वाधिक भेटणारी बॅटरीच. आपल्याकडे ती साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. थंडीत बॅटऱ्या जातात असा समज आहे. खरं तर त्यांना मारतो उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बॅटरी आतून झिजते आणि डिसेंबरात पहिल्या गार पहाटे, जेव्हा इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, तेव्हा मान टाकते. काहीशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असला तर अंदाजाचं काम उरत नाही. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दुखणं बॅटरीचं नसून अल्टरनेटरचं आहे, आणि नवी बॅटरी घालून तुम्ही फक्त दुकानदाराचं भलं कराल. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खालीवर होतो, हे मात्र लक्षात असू द्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल, तर आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, लावताना आधी लाल आणि शेवटी काळी. ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या एवढ्यावरच परत जातात.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जम्प देताना क्रम चुकवू नका. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत, दोन्हींचं इग्निशन बंद. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनाच्या एखाद्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून एवढं सोवळं. चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटं थांबा, मग बंद गाडीला स्टार्टर मारा. केबल काढायच्या त्या उलट्या क्रमाने. ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची जुनी युक्ती साध्या मॅन्युअल गाडीला अजून चालते. ऑटोमॅटिकला अजिबात नाही. बटणवाल्या गाडीत नुसता रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोटच्या पोटात लपलेल्या किल्लीने दार उघडा आणि रिमोट स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी टेकवून बटण दाबा. हे माहीत नसल्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर रडवेला झालेला एक तरुण इंजिनीअर मी पाहिला आहे. सॉफ्टवेअरवाला होता, एवढीच त्याची बाजू.

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर चार्जिंग थांबलंय. पट्टा शाबूत असेल तर एसी, गाणी, सगळं बंद करून, इंजिन बंद न करता जवळचं गॅरेज गाठता येतं. दिवसा आणि बॅटरी चांगली असेल तर अर्धा तास तरी मिळतो. पण पट्टाच तुटला असेल, आणि तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवत असेल, तर काही मिनिटांत तापमान चढेल. ते चढलं की हा प्रश्न वरच्या, घाटातल्या प्रकरणात गेला.

उतार आणि पाऊस

चढताना गाडी दमते, उतरताना ब्रेक. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात, आणि त्यात फरक करण्यासारखं आजही काही नाही. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचतं हा समज कार्बुरेटरच्या काळातला आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण तोडलं जातं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते थोडं थोडं जळत राहतं. म्हणजे पेट्रोल उलट जातं, वर सगळा भार ब्रेकवर. इंजिन बंद करून उतरणाऱ्याबद्दल काय बोलावं! दोन-तीनदा पाय दाबला की ब्रेकची व्हॅक्यूमची मदत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली जास्त मागे फिरली तर तेही लॉक होतं.

वरंधा किंवा आंबोली उतरताना जळका वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं, तर ‘खाली पोचल्यावर बघू’ नको. वळणाच्या पुढे, दरड कोसळण्याची भीती नाही अशा रुंद जागी थांबा आणि चाकं आपोआप गार होऊ द्या; पाणी मारू नका, तापलेल्या डिस्क वाकतात. पेडल मऊ पडण्याचं कारण पुष्कळदा ब्रेक ऑइल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, घाटात ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की दाबले जातात ते बुडबुडे. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी. सर्व्हिसिंगच्या यादीत सगळ्यात हमखास राहून जातं ते हेच. ब्रेक खरंच गेलेच तर पेडल भराभर पंप करा, एकेक करून गिअर उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि टेकायची वेळ आली तर डोंगराच्या बाजूला.

पावसातल्या रात्री गाडी उभी राहून सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर झाली तर तो डिस्कवरचा पातळ गंज. घासून जातो, विसरा. रोज, कोरड्यातही, बारीक किणकिण येत असेल तर पॅड संपत आलेत. पुष्कळ पॅडवर हा आवाज मुद्दाम करणारी पत्र्याची जीभ बसवलेली असते. आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल तर पॅड कधीच संपलेत, आता डिस्क संपत आहे.

साचलेल्या पाण्याबद्दल माझं मत कडक आहे: शक्यतो त्यात गाडी घालूच नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत गाडीत अडकलेल्या काहींचा जीव गेला, तो ‘थोडं थांबू, पाणी ओसरेल’ म्हणून आत बसून राहिल्यामुळे. इथे नियम उलटा आहे. गाडी सोडण्यात दोन मिनिटांचाही उशीर नको. पाणी दाराला लागलं की काचा खाली घ्या, कारण इलेक्ट्रिक खिडक्यांचा भरवसा धरता येत नाही. काच फोडायची वेळ आली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार काहीतरी मारा. पुढच्या काचेवर मारून उपयोग नाही, तिच्यात प्लास्टिकचा थर असतो.

पाणी अर्ध्या चाकाच्या खाली आहे आणि जाणं भागच आहे, तर पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये थांबणं नाही, आणि समोरून ट्रक येत असेल तर तो जाऊ द्या, त्याची लाट तुमच्या बॉनेटवर चढते. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत चाला म्हणजे सुकतील. आणि मध्येच बंद पडली तर? किल्लीला हात लावू नका. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तुम्ही स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून कोरड्या जागी काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टोचन मागवा. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अशा इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ म्हणतात ते जोडकलम घ्यावं लागतं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, सांगलीकडच्यांनी ते नूतनीकरणाच्या वेळी मागून घ्यावं.

काचेवर आतून धुकं धरणं ही पावसातली छोटी पण धोक्याची गोष्ट. उपाय फडकं नाही, एसी. एसी हवेतला ओलावा काढतो. हवा बाहेरून घेण्यावर ठेवा, मिनिटात काच स्वच्छ. एसी चालू असताना गाडीखाली टपकणारं स्वच्छ पाणी हे तेच, गळती नव्हे. ते गाडीखाली न टपकता आत पायपुसणीवर येत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

टायर

गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढे चार ठसे असतात, बाकी सगळी हवा. तरी आपण टायर बघतो तो पंक्चर झाल्यावर. हवा किती हवी ते टायरच्या कडेवर लिहिलेलं नसतं. तिथे असतो तो जास्तीत जास्त दाब. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर सापडतो, आणि भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. हवा थंड टायरात, म्हणजे निघाल्यानिघाल्या बघायची. नायट्रोजनचा आग्रह करणाऱ्याला सांगा, साध्या हवेतही ७८ टक्के तोच आहे.

झिजेवरून टायर बोलतो. मध्ये झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट. नक्षीच्या खाचांत मधूनमधून बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तिथे टायर संपला. आपल्या पावसासाठी तो खरं तर त्याआधीच संपतो. वय बघायला कडेवर चार आकडे शोधा: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी पण टायर सहा वर्षांचा, असं कमी चालणाऱ्या गाड्यांचं आणि सगळ्यांच्या स्टेपन्यांचं होतं. जुनी गाडी घेताना हे आकडे आधी वाचावेत. आणि टायरच्या कडेला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. त्या टायरवर एक्सप्रेसवेला जाऊ नये.

ट्यूबलेस टायरात खिळा दिसला तर उपटू नका. तोच बूच होऊन बसलेला असतो. पंक्चरवाल्यापर्यंत हळू न्या. चाक बदलायचं असेल तर नट जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे. वर उचललेलं चाक नुसतं फिरत राहतं. नट बसवताना समोरासमोरचे घट्ट करत जा. स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती गंमत म्हणून लिहिलेली नसते.

धूर, वास, आणि गॅरेजातली बोली

पहाटे सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ साधी आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो. १ एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी साठवणारा एक फिल्टर असतो. रोज दोन-तीन किलोमीटर शाळा-भाजी एवढीच फिरणारी गाडी तो जाळून साफ करायला पुरेशी तापतच नाही. त्याचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर, जरा खालच्या गिअरमध्ये, वीसेक मिनिटं सलग चालवायची. ज्यांचं रोजचं फिरणं एवढंच आहे त्यांनी डिझेल घेऊच नये, असं माझं मत.

बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडणाऱ्या उंदरांबद्दल मला तास लागेल, म्हणून थोडक्यात. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, फवारे, सगळं करून पाहिलंय. खरा उपयोग झाला तो हवा आत घेण्याच्या तोंडावर बसवलेल्या बारीक जाळीचा, आणि आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघण्याचा. घरटं मांडायच्या आत उंदराला हाकलता येतं, नंतर वायरिंग बदलावं लागतं.

गॅरेजात गेल्यावर लक्षण सांगा, औषध सांगू नका. “शॉकअप बदला” म्हटलं की ते बदलले जातील. खडखड दीडदोनशे रुपयांच्या बुशची असली तरी. त्यापेक्षा: “थंड असताना, डावीकडे वळताना, खड्ड्यात पुढून आवाज येतो.” आवाज फोनवर रेकॉर्ड करून न्या, कारण गॅरेजच्या दारात तो हमखास बंद होतो. नाहीतर फिटरला शेजारी बसवून एक फेरी मारा. स्कॅनर लावून निघालेल्या कोडवर डोळे मिटून सुटा भाग बदलू देऊ नका. कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही: ऑक्सिजन सेन्सर ‘हवा जास्त’ म्हणून ओरडतो, तेव्हा सेन्सर बरा असून कुठली तरी नळी चिरलेली असते. काढलेले जुने भाग परत मागा. मागणार हे आधीच सांगितलं की बिलावर त्याचा चांगला परिणाम होतो. इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन असली कलमं मॅन्युअलमध्ये नसतील तर हसून नाही म्हणा. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, कोणता कशाचा ते बॉक्सच्या झाकणावर छापलेलं असतं. तोच फ्यूज पुन्हा गेला तर कुठेतरी वायर सोललेली आहे. तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी घालणाऱ्यांच्या गाड्या कडेला जळताना दिसतात.

डिकीत काय असावं? स्टेपनीत हवा, जॅक, पाना, परावर्तक त्रिकोण, टॉर्च, जम्प केबल, दोन लिटर पाणी, जाड फडकं. एक्सप्रेसवेवर गाडी थांबली तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा, आणि माणसांना गाडीत न बसवता कठड्याच्या पलीकडे उभं करा. उभ्या गाडीला मागून ठोकर बसते तेव्हा आत बसलेले सापडतात. मदतीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि घाटात उभं राहायची वेळ आली तर हँडब्रेक ओढून, चढावर पहिला आणि उतारावर रिव्हर्स गिअर टाकून, चाकाला दगड लावा. निघताना तो दगड उचलून कठड्यालगत ठेवा. रस्त्यात राहिलेला तसा एक दगड रात्री दुचाकीच्या पुढच्या चाकाखाली आलेला मी पाहिला आहे.